रिंगणीची धुरी

एखाद्या मुलुखाचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे आपलें लक्ष सहजच गडकोटांकडे जातें. भोर आणि वेल्हे या भागाविषयीं तर हें विशेषच खरें आहे. तोरणा, राजगड, रोहिडा हीं नांवें ज्याला ठाऊक नाहींत असा मराठी वाचक विरळा. परंतु गडाकडे डोळे लावून चालणाऱ्याच्या पायाला जें काटेरी झुडूप बोचतें, त्यालाही एक इतिहास आहे, आणि तो गडांच्या इतिहासाहून पुष्कळ जुना आहे. हें झुडूप म्हणजे रिंगणी. तिचा लोकांनीं काय उपयोग केला, त्या उपयोगांत सत्य किती व भ्रम किती, आणि तिच्याच कुळांतील परदेशस्थ सोयऱ्यांनीं आपल्या घरांत शिरून काय केलें, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचा आमचा हेतु आहे.

आधीं स्थळाविषयीं दोन शब्द. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांनीं हा मुलूख बनला आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरें हीं नांवें जुन्या कागदपत्रांतून वाचकांच्या परिचयाचीं असतील. येथें प्रथम विजापूरच्या आदिलशाहीचा, मग शिवशाहीचा आणि पुढें पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा अंमल होता. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील इतर संस्थानांबरोबर भोर संस्थानही मुंबई प्रांतांत विलीन झालें. वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं केला. पण आमच्या विषयाचा संबंध मागील काळाशीं अधिक असल्यामुळें आम्ही येथें वेल्हे हेंच नांव ठेविलें आहे. पश्चिमेकडे घाटमाथ्यावर पाऊस अतोनात, भाताचीं खाचरें आणि दाट झाडी. पूर्वेकडे जसजसें उतरावें तसतसा मुलूख रुक्ष होत जातो. रिंगणीला हा रुक्षपणाच मानवतो. पावसाळा सरला कीं नदीच्या वाळवंटांत, पडीक रानांत आणि रस्त्याच्या कडेला ती जमिनीसरशी पसरते. म्हणूनच कोठें कोठें तिला भुईरिंगणी म्हणतात.

तिचें रूप एकदा पाहिलें कीं विसरणें शक्य नाहीं. पानाच्या दोन्ही अंगांवर सरळ, पिंवळट, टांचणीसारखे काटे. जांभळें फूल आणि त्याच्या मधोमध पिंवळे पुंकेसर. सुपारीहून लहान गोल फळ, कच्चें असतांना हिरवें व त्यावर पांढरे पट्टे, पिकल्यावर स्वच्छ पिंवळें. जिला संस्कृतांत ‘व्याघ्री’ म्हणजे वाघीण असें म्हटलें, तिला तें नांव कां मिळालें हें तिला हात लावणारास सांगावें लागत नाहीं. कंटकारी व निदिग्धिका हीं तिचीं आणखी दोन नांवें. तिची थोरली बहीण डोरली. ही उभी वाढते, हिचीं फळें आणखी लहान, आणि हिला संस्कृतांत बृहती म्हणतात.

या दोघींचें कुळ मात्र मोठें विलक्षण आहे. वांगें या कुळांतलें, बटाटा व टोमॅटो या कुळांतले, मिरचीही याच कुळांतली. आणि धोत्रा, खुरासानी ओवा व तंबाखू हीं देखील याच कुळांतलीं. एकाच घराण्यांत अन्नदाते आणि विषप्रयोगी असे दोन्ही प्रकार नांदत असावेत, असें हें कुळ आहे. यांतील कोणत्या झाडाचा कोणता भाग, केव्हां व किती घ्यावा हें ज्याला कळलें, त्याला औषध सांपडलें; ज्याला कळलें नाहीं, त्याला दुखणें सांपडलें. या कुळाच्या बाबतींत ‘मात्रा’ या शब्दाला जितका अर्थ आहे तितका क्वचितच दुसरीकडे असेल.

आपल्या वैद्यक ग्रंथकारांना रिंगणीचें महत्त्व फार पूर्वींच कळून चुकलें होतें. चरकसंहितेंत खोकल्यावरील औषधांच्या वर्गांत तिची गणना आहे. सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि सराटा या पांचांच्या मुळांना लघुपंचमूळ अशी संज्ञा आहे. त्यांत बेल, टेंटू, शिवण, पाडळ आणि ऐरण या मोठ्या पांच वृक्षांचीं मुळें मिळविलीं म्हणजे दशमूळ होतें. बाळंतिणीला दशमुळांचा काढा द्यावयाचा ही चाल महाराष्ट्रांत अजूनही टिकून आहे. ज्या घरांत संस्कृताचें एक अक्षर कोणाला येत नाहीं, तेथेंही हा काढा पोंचला आहे. याचा अर्थ ग्रंथांतली विद्या आणि चुलीपाशची विद्या यांच्यामध्यें कोणी भिंत बांधलेली नव्हती. वैद्य रानांतल्या माणसाकडून मूळ ओळखावयास शिके, आणि रानांतला माणूस वैद्याच्या पुडींतून त्याच मुळाचा नवा उपयोग उचली.

परंतु रिंगणीचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग ग्रंथांतल्या काढ्याचा नसून दांतदुखीवरील धुरीचा आहे. मावळांतच काय, महाराष्ट्राच्या बहुतेक खेड्यांत तो वृद्धांना ठाऊक असतो. पिकल्या फळांतलें बी वाळवून ठेवतात. दाढ ठणकूं लागली म्हणजे तें निखाऱ्यावर टाकावयाचें आणि निघणारा धूर नळीच्या वाटे दुखऱ्या दाढेला द्यावयाचा. थोड्या वेळानें तोंडाला भरपूर पाणी सुटतें, लाळ गळूं लागते, आणि रोग्याला हलकें वाटूं लागतें. एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडील वनौषधींची नोंद करणाऱ्या इंग्रज औषधिवेत्त्यांनींही हा उपाय लिहून ठेविला असून, लाळ सुटल्यामुळेंच बहुधा आराम पडत असावा असा तर्क केला आहे. येथपर्यंत सर्व ठीक आहे. घोटाळा पुढें होतो.

धुरी संपल्यावर रोग्यानें ज्या परातींत चूळ टाकली, त्या पाण्यांत बारीक पांढऱ्या अळ्यांसारखें कांहींतरी तरंगतांना दिसतें. मग धुरी देणारा सांगतो, “पाहा, तुमच्या दाढेंतली कीड पडली!” रोग्याचा डोळ्यांवर विश्वास बसतो, शेजारीपाजारी साक्षी असतात, आणि धुरी देणाराची कीर्ति पंचक्रोशींत पसरते. प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीला खोटें कसें म्हणावें?

हा प्रश्न केवळ आपल्याच लोकांना पडला असें नाहीं. दांतांत कीड असते व तीच दांत पोखरते ही समजूत जगाच्या पाठीवर बहुतेक सर्वत्र आढळते. प्राचीन बाबिलोनच्या मातीच्या विटांवरील लेखांत दांताच्या किड्याची उत्पत्तिकथा आहे. आपल्या सुश्रुताच्या ग्रंथांत दंतरोगांपैकीं एकाला ‘कृमिदंतक’ असें नांव आहे. युरोपांत तर रिंगणीच्या जागीं तिच्याच कुळांतील खुरासानी ओवा वापरीत. त्याचें बी निखाऱ्यावर टाकून धुरी घ्यावयाची, आणि नंतर पाण्यांत किडे पडलेले दाखवावयाचे. विधि जवळजवळ अक्षरशः तोच. इंग्लंडांतील जॉन जेरार्ड यानें १५९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या वनस्पतिग्रंथांत या प्रकाराची चांगलीच हजेरी घेतली आहे. कांहीं लबाड लोक तंतुवाद्याच्या तारेचे बारीक तुकडे हळूच पाण्यांत सोडून ते किडे म्हणून दाखवितात, असें त्यानें सांगितलें आहे.

पण सगळेच धुरी देणारे लबाड होते असें मानणें हा त्यांच्यावर अन्याय होईल. खरा उलगडा जर्मनींतील रेगेन्सबुर्ग येथील पाद्री व निसर्गाभ्यासक याकोब शेफर यानें १७५७ सालीं केला. दांतांतील या काल्पनिक किड्यांवर त्यानें एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. त्याचें म्हणणें असें कीं, हे किडे दांतांतून येत नाहींत, बियांतून येतात. या कुळांतील पुष्कळ झाडांच्या बियांत अंकुर हा वाकडा, वळलेला, पांढुरका असा असतो. बी तापलें कीं फुटतें, अंकुर बाहेर उडतो, आणि पाण्यांत पडला म्हणजे हुबेहूब अळीसारखा दिसतो. ज्याचे दांत निरोगी आहेत त्यानें धुरी घेतली तरी ‘किडे’ पडतात, आणि मुळींच कोणी धुरी न घेतां नुसतें बी पाण्याशेजारीं जाळलें तरीही पडतात. रिंगणीच्या बियांतला अंकुरही असाच वळलेला असतो. तेव्हां आमच्या परातींतल्या किडीचा उगम कोठें आहे हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

येथें थोडें थांबून या एका धुरीचे तीन भाग वेगळे करून पाहणें इष्ट होईल. पहिला भाग अनुभवाचा: धूर घेतला कीं लाळ सुटते आणि ठणका कांहीं काळ कमी होतो. हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे व तो टाकून देण्याचें कांहीं कारण नाहीं. दुसरा भाग उपपत्तीचा: आराम कां पडला, तर कीड पडली म्हणून. ही उपपत्ति चुकीची आहे. तिसरा भाग व्यवहाराचा: ही चुकीची उपपत्ति दाखवून कोणी तरी पैसा व प्रतिष्ठा मिळवितो, आणि रोगी बरा झालों असें समजून पोखरलेली दाढ तशीच ठेवतो. अपाय होतो तो या तिसऱ्या भागानें. धुरानें दाढेंतलें भोंक बुजत नाहीं. दुखणें शमलें तरी क्षय चालूच राहतो, आणि पुढें गळूं होऊन जबडा सुजल्यावर मग धांवाधांव सुरू होते.

आमच्या सुशिक्षित वर्गांत या बाबतींत दोन टोकें दिसतात. एका टोकाचे लोक तिन्ही भाग एकत्र गुंडाळून ‘अडाणीपणा’ म्हणून फेंकून देतात. दुसऱ्या टोकाचे लोक तिन्ही भाग एकत्र गुंडाळून डोक्यावर घेतात. अमेरिकन दंतशास्त्रज्ञ मिलर यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, तोंडांतील सूक्ष्म जंतु पिष्ट व साखर यांपासून आम्ल तयार करतात आणि त्यामुळें दांत झिजतो, असें प्रतिपादन केलें. तें वाचून कोणी म्हणतो, “पाहा, आमच्या पूर्वजांना हें जंतुशास्त्र पूर्वींच अवगत होतें; कृमि म्हणजे जंतूच!” हा युक्तिवाद कानाला गोड आहे, पण त्यानें पूर्वजांचा सन्मान होत नाहीं. परातींत दिसणारी अळी ही मिलरची जंतु नव्हे. मिलरचे जंतु नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहींत. पूर्वजांनीं जें खरोखर शोधिलें, म्हणजे शेंकडों रानटी झुडुपांतून नेमकें एक झुडूप निवडून, त्याचें नेमकें बी जपून ठेवून वेदना शमविण्याची रीत, तें श्रेय कमी थोडेंच आहे? न केलेल्या शोधाचें श्रेय त्यांच्या पदरीं बांधलें तर केलेल्या शोधाकडे दुर्लक्ष होतें.

आतां याच कुळांतील दुसऱ्या एका झाडाकडे वळूं. लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं वनस्पतींना नांवें दिलीं, त्या वेळीं त्याच्या ग्रंथांत रिंगणी शिरली ती ‘व्हर्जिनियाची’ म्हणून. तिचें मूळ ठिकाण अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांत असा त्याचा ग्रह झाला होता. ग्रह चुकीचा ठरला, पण शास्त्राच्या नियमानुसार नांव कायम राहिलें. आज आमच्या भोर-वेल्ह्याची ही काटेरी रहिवासीण जगाच्या दप्तरांत व्हर्जिनियाची म्हणून नोंदलेली आहे. योगायोग असा कीं, ज्या झाडानें व्हर्जिनिया प्रांत श्रीमंत केला, तें रिंगणीचें खरेंखुरें अमेरिकन भावंड, म्हणजे तंबाखू, पूर्वींच आमच्याकडे येऊन स्थायिक झालें होतें.

पोर्तुगीजांबरोबर तंबाखू पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि लौकरच विजापूरच्या दरबारीं पोंचली. हें विजापूर म्हणजे त्या काळीं आमच्या मावळांचेंही राजपीठ होतें. अकबराचा वकील असद बेग यानें १६०४ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू व ती ओढण्याचें साहित्य बादशहाकडे नेलें. हकिमांनीं हरकत घेतली कीं, या वस्तूचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाहीं, तिचे गुणदोष आम्हांस माहीत नाहींत. असद बेगाचें उत्तर असें कीं, प्रत्येक चाल एकदां नवीनच असते. युक्तिवादांत असद बेगाची सरशी झाली. पण चारशें वर्षांच्या अनुभवानंतर निकाल द्यावयाचा तर तो हकिमांच्या बाजूनें द्यावा लागेल.

तंबाखूनें आमच्या खेड्यांत धरलेलें एक रूप प्रस्तुत विषयाशीं निगडित आहे, तें म्हणजे मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात व ती बोटानें दांतांना लावतात. दांत दुखूं नयेत, घट्ट राहावेत, तोंड साफ व्हावें या समजुतीनें ती लावण्यास आरंभ होतो. पुढें दिवसांतून अनेक वेळां लावल्यावांचून चैन पडत नाहीं, कारण भाजली तरी तंबाखूची नशा तींत शिल्लक असते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनीं पुणे जिल्ह्यांतील सुमारें एक लाख ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी केली व तिचा वृत्तांत १९७२ सालीं कर्करोगविषयक एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मिश्रीची चाल बायकांत किती खोलवर रुजली आहे हें त्या काळच्या अशा पाहण्यांवरून दिसून आलें. धुरावांचून घेतलेल्या तंबाखूनेंही तोंडाचा कर्करोग होतो, हें आतां निर्विवाद ठरलें आहे.

आमच्या मतें या ठिकाणीं इतिहासाचा खरा धडा आहे. रिंगणीची धुरी ही दुखलें तरच घ्यावयाची, क्वचित घ्यावयाची, आणि दुखणें शमलें कीं सोडावयाची अशी वस्तु होती. तिच्या भोंवतीं मर्यादेचें कुंपण होतें. तंबाखू आली ती कुंपणावांचून. तिच्या मूळ देशीं तद्देशीय लोकांच्या धर्मविधींत तिला कांहीं ठराविक स्थान होतें. तें स्थान गलबतावर चढलें नाहीं, पानें तेवढीं चढलीं. म्हणून दांतांची राखणदार या सोंगानें घरांत आलेली ही पाहुणी दांतांच्या मालकिणीचाच घास घेऊं लागली. आणि अधिक खेदाची गोष्ट अशी कीं, पुष्कळांना आज मिश्री हीच जुनी, देशी, घरगुती वस्तु वाटते, आणि रिंगणी हें नुसतें तण वाटतें.

तिसऱ्या एका सोयऱ्याचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत रिंगणीच्या जातीचें एक झुडूप होतें. त्याचें फळ पिंवळें धमक, मेणाचें केल्यासारखें, आणि त्याच्या देंठाकडील बाजूला गाईच्या सडांसारखीं टोकें आलेलीं असतात. लिनीयसनें त्याचें नांवही या आकारावरूनच ठेविलें. त्याच्या मूळ देशांत हें फळ झुरळें व उंदीर मारण्यास वापरीत, आणि त्याच्या रसानें कपडेही धूत. कारण त्यांत साबणासारखा फेंस आणणारीं व विषारी अशीं द्रव्यें असतात. हें झाड जगभर फिरलें, पण फिरतांना त्याचा पेशा बदलला. तैवान व चीनमध्यें नववर्षाच्या दिवशीं त्याच्या फळांनीं लगडलेल्या फांद्या घरांत मांडतात. फळाचीं पांच टोकें म्हणजे एका छपराखालीं नांदणाऱ्या पांच पिढ्या अशी शुभ कल्पना तेथें आहे. जपानांत त्या फळांत कोल्ह्याचें तोंड पाहतात व पुष्परचनेंत तीं खोंवतात. हिंदुस्थानांतील हौशी लोकही शोभेसाठीं हें झाड लावतात.

शोभेला आमची हरकत नाहीं. पण पाहुण्याचें कुलशील विचारून ठेवण्यांत शहाणपणा आहे. दिवाणखान्यांत ठेवलेलें हें मोहक पिंवळें फळ विषारी आहे, तें खावयाचें नाहीं, आणि घरांत लहान मूल असेल तर त्याच्या हाताला लागणार नाहीं असें ठेवावयाचें, हें झाडाबरोबर कोणी सांगत नाहीं. मूळ देशींच्या म्हातारीला तें ठाऊक होतें. झाडानें समुद्र ओलांडला. म्हातारी मागें राहिली.

आणि आमच्या भोर-वेल्ह्यांत? येथें झाड जागच्या जागीं आहे, पण म्हातारी निघून चालली आहे. १९२८ सालीं पुरें झालेलें भाटघरचें मोठें धरण, १९६१ सालीं फुटून पुन्हां बांधलेलें पानशेतचें धरण व त्यानंतरचीं धरणें यांच्या पाण्याखालीं या खोऱ्यांतील नदीकांठची पुष्कळ जमीन गेली. त्या पाण्यानें पुण्याची तहान भागली व खालचा मुलूख पिकला, हें कृतज्ञतेनें कबूल केलेंच पाहिजे. पण गांवें उठलीं, माणसें पांगलीं, आणि तरुण मंडळी पुण्या-मुंबईस नोकरीला गेली. तेथें दाढ दुखली तर दंतवैद्य आहे, आणि त्याच्याकडे जाणेंच योग्य आहे. परंतु झाड ओळखण्याची जी विद्या आजीकडून नातीकडे चालत येत होती, ती नातीच्या अभावीं खुंटली. उलट, दशमुळांच्या बाजारासाठीं मुळें लागतात. मूळ काढावयाचें म्हणजे झाड उपटावें लागतें. आणि उपटणाराला भावापलीकडे दुसरें कांहीं माहीत असण्याची गरज उरलेली नाहीं.

सुदैवानें ही विद्या वेळींच टिपून ठेवावी असें वाटणारे लोक आपल्यांत झाले आहेत. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीची स्थापना १९४६ सालीं झाली. तेथील डॉ. वर्तक यांनीं, आणि त्यांच्याबरोबर माधव गाडगीळ यांनीं, १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील देवराया पायीं हिंडून पाहिल्या, आणि देवाच्या नांवानें राखलेल्या झाडीमागें गांवकऱ्यांचा केवढा अनुभव उभा आहे हें विद्वानांच्या नजरेस आणलें. त्यांची रीत अनुकरणीय आहे. त्यांनीं गांवकऱ्यांच्या श्रद्धेची टवाळी केली नाहीं आणि तिची पूजाही बांधली नाहीं. प्रथम ऐकून घेतलें, मग मोजून पाहिलें.

रिंगणीच्या बाबतींत हेंच काम प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाला आपापल्या परीनें करतां येईल. घरांत कोणी वडील मनुष्य असेल तर त्याला विचारावें: तुमच्या लहानपणीं दाढ दुखली म्हणजे काय करीत? कोणतें झाड, कोणता भाग, किती, आणि कोणाला देऊं नये? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर विशेष काळजीनें लिहून घ्यावें, कारण उपयोग सांगणारे पुष्कळ भेटतात. मर्यादा सांगणारे थोडे. लिहिलेलें सर्व खरें निघेल असें नाहीं. कांहीं परातींतल्या किडीसारखें निघेल, आणि तें सोडून द्यावें लागेल. पण जें परीक्षेस उतरेल तें आपलें खरें धन होय. उपपत्ति चुकली म्हणून अनुभव टाकूं नये, आणि अनुभव खरा निघाला म्हणून उपपत्तीला कवटाळूं नये, एवढा विवेक राखला तर रस्त्याच्या कडेची ही काटेरी वाघीण आम्हांस अजूनही पुष्कळ शिकवील.